पिन ओढली आणि वस्ती धावली

परवा सकाळी सासूबाईंना घेऊन वेल्ह्याच्या पोलीस स्टेशनला गेले होते, तक्रार द्यायला... आणि परत येताना आम्ही दोघी एसटीत चक्क हसत होतो. का, ते सांगते.

मी वेल्ह्यात एका मेडिकलमध्ये काम करते. संध्याकाळची एसटी मला मार्गासनीच्या फाट्यावर सोडते आणि तिथून आमच्या वस्तीपर्यंत पायी रस्ता. दिवाळीनंतर दिवस लहान झाला आणि तो रस्ता अंधारात तुडवायची वेळ आली.

एकदा मागून एक बाईक आली. लाईट बंद. वर दोघं. माझ्या शेजारून हळूहळू चालवत राहिले, काहीबाही बोलले आणि गेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच... या वेळी पार ओढ्याच्या मोरीपर्यंत.

घरी सांगायला धीर होईना. त्या पोरांपेक्षा जास्त धास्ती "सोड ती नोकरी" या वाक्याची होती. लग्नानंतर डी.फार्म. करताना काय काय केलंय, ते माझं मला माहीत. शेवटी एका संध्याकाळी चुलीपाशी बसून सासूबाईंना सांगून टाकलं. आम्ही त्यांना आत्या म्हणतो.

आत्यांचा भाकरी थापणारा हात थांबला. "नोकरी कशापायी सोडायची? रस्ता काय त्यांच्या बापाचा हाय व्हय?" मग तव्याकडे बघत म्हणाल्या, "पर मोकळ्या हातानं जायाचं न्हाई आता."

आमचे हे टेम्पो घेऊन पुण्याला जातात, यायला उशीर होतो, त्यामुळे मला न्यायला येणं शक्य नव्हतं. त्यांनी भोरच्या बाजारातून पेपर स्प्रे आणून दिला.

रविवारी अंगणात प्रॅक्टिस ठेवली. मी ऐटीत खाचराकडे तोंड करून बटण दाबलं आणि नेमका वारा फिरला... दोघींचे डोळे, नाक, घसा, सगळी आगच आग. हौदाच्या पाण्यानं तोंड धुताना आत्या खोकत म्हणाल्या, "अगं, ती पोरं ऱ्हायली बाजूला, आदी मलाच लावशील वाटेला!"

आमच्याकडं वाऱ्याचा काही नेम नाही. स्प्रे बाद. करंट मारायचं एक यंत्र मोबाईलवर पाहिलं, पण ते लावायला समोरचा अगदी अंगाशी यायला हवा... आणि त्यानंच हिसकावून घेतलं तर? चांगली मोठी बॅटरी मात्र पिशवीत ठेवली. तरीही मन भरेना.

"तुला काय कुस्ती खेळायची हाय का?" आत्या म्हणाल्या. "तू तितं एकटी. तू हाक मारलीस की हितं आमाला ऐकू आलं पायजे, बास."

झालं, प्रश्न सुटला. मी एक अलार्म मागवला. काडेपेटीएवढा, पर्सच्या पट्ट्याला लटकवायचा. पिन ओढली की सायरन सुरू, आणि पिन परत बसवेपर्यंत गप्प बसत नाही.

तो आला त्याच दिवशी मी मोरीवर उभी राहून पिन ओढली, आत्या दारात कान देऊन. घरी पोचले तर आत्याच काय, शेजारचे बबनभाऊजीसुद्धा बाहेर आलेले आणि त्यांच्या शेळ्या दावी ताणून ओरडत होत्या! आत्यांनी लगेच घरोघर फिरून बजावलं... ह्यो आवाज आला की हातातलं काम टाकून रस्त्याला पळायचं.

आणि शनिवारी ती बाईक आली.

या वेळी मागे बसलेल्यानं हात लांब करून माझी ओढणी धरली. ओरडायला आवाज फुटेना... पण पिन ओढायला ताकद लागत नाही. ओढली.

तो सायरन त्या शांततेत असा किंचाळला की त्यानं ओढणी सोडलीच. आधी कुत्री उठली, मग दारं वाजली, मग वस्तीकडून एक बॅटरी, दुसरी बॅटरी... बघता बघता बांधावरून सगळा उजेडच पळत येताना दिसला. बाईकवाल्यानं घाईत गाडी वळवली, खडीवर चाक घसरलं आणि दोघं गाडीसकट खाचरात. उठले ते थेट पळतच सुटले.

आत्या सगळ्यांच्या पुढे होत्या. पायात चप्पल नाही, हातात काठी. मला नखशिखान्त न्याहाळलं, गालावरून हात फिरवला आणि मग खाचरात उतरून बाईकची किल्ली काढून घेतली.

"या म्हणावं आता न्यायला!"

कोणी आलं नाही. बाईक रात्रभर आमच्या अंगणात आणि किल्ली आत्यांच्या चंचीत. एकदोघं म्हणाले, जाऊ दे, बाईमाणसानं कशाला चौकीची पायरी चढायची. आत्या म्हणाल्या, "चढतो की. दोघी मिळून चढतो."

पोलीस स्टेशनात मॅडमनी माझी तक्रार नीट ऐकून लिहून घेतली. आत्यांनी चंची सोडली, सुपारी बाजूला सारून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली. "गाडी आमच्या दारात हाय. मालक तुमी शोधा." गाडीच्या नंबरावरून दोघंही त्याच दिवशी सापडले. एसटीत आम्ही हसत होतो ते सुपारीतून किल्ली निघाल्यावर झालेला मॅडमचा चेहरा आठवून...

काल संध्याकाळी बबनभाऊजी दारात येऊन घुटमळत होते. त्यांच्या पूजाचा वेल्ह्यातला कॉम्प्युटर क्लास त्यांनी अंधाराच्या भीतीनं बंद केला होता, हे मला माहीतच नव्हतं. म्हणाले, "वहिनी, ते वाजायचं कुठं मिळतं? पोरीचा क्लास परत लावावा म्हणतो."

तिच्यासाठी ऑर्डर टाकली. पण पूजाला कुठला दम निघतोय! आज ती माझ्याबरोबरच एसटीतून उतरली आणि आम्ही दोघी रस्त्याच्या मधोमध, मोठमोठ्यानं गप्पा मारत घरी आलो.

आत्या, हे तुमच्यामुळं.