दाखवायचे नसलेले फोटो

आमच्या इमारतीत तळमजल्यावर शिवणकाकू राहतात. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते कुणी वाचत नाही. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत पलंग, आणि मधल्या दोरीवर शाळांचे गणवेश टांगलेले. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. एकुलती एक लेक लांबच्या शहरात, तिची मुलगी सात वर्षांची. आजी-नातीची भेट वर्षातून एकदा; एरवी सगळी भिस्त फोटोंवर.

फोटो बघायची काकूंची तऱ्हाच वेगळी. दोन बोटांनी मोठा करत आधी खांद्यावर जायच्या, चेहरा नंतर. "बाहीचा मुंढा काचतोय हो हिला," म्हणायच्या, "बाजारचा दिसतोय." मग आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो फोटो बघावाच लागे.

गेल्या वर्षी नातीचा गणवेश त्यांनीच शिवून पाठवला. खिशावर शाळेचं नाव हाताने भरलं होतं, तीन दिवस खपून. पहिल्या दिवशीचा फोटो आला. केस मोकळे, कॉलर ताठ. काकूंनी तो इंटरनेटवरच्या आपल्या शिवणकामाच्या पानावर टाकला, खिसा नीट दिसेल असा, आणि खाली नातीचं नाव घालून लिहिलं, 'टाके मोजून घ्या!'

कौतुकाचा पाऊस पडला. त्यात एका अनोळखी माणसाने लिहिलं, 'काल हिला शाळेच्या फाटकाशी पाहिलं. लाल रिबिनी छान दिसतात.' काकूंनी लगेच उत्तर दिलं, 'धन्यवाद दादा.'

तासाभरात लेकीचा फोन.

"आई, हा माणूस कोण?"

"असेल कुणी गिऱ्हाईक."

"फोटोत रिबिनी कुठे आहेत, दाखव बरं मला."

काकूंनी फोटो पुन्हा पाहिला. केस मोकळेच होते, रिबीन एकही नव्हती.

"अगं, मी टाके दाखवत होते गं!"

"तू टाके दाखवलेस, त्याने पत्ता वाचला. नाव, शाळा, चेहरा, सगळं ताटात वाढून दिलंस."

फोटो काढून टाकला. लेकीने शाळेत कळवलं, कितीतरी दिवस ती स्वतः मुलीला आणायला जात होती. पुढे काही झालं नाही. पण फोटो यायचे बंद झाले. फोन होत, तेही नुसते आवाजाचे. काकूंनी एकदाही तक्रार केली नाही. चूक आपलीच, असं त्यांनी स्वतःला बजावून ठेवलं होतं. मला हे सगळं त्यांनी मान खाली घालून, काज करता करता सांगितलं. मी घरी जाऊन आधी मी टाकलेले माझ्या मुलांचे जुने फोटो उघडले. निम्म्या फोटोंत शाळेची पाटी होती. पुसत बसले.

सात-आठ महिने असेच गेले. काकूंनी नातीसाठी जुन्याच मापाने फ्रॉक शिवला. वाढत्या मुलांच्या कपड्यात शिलाईच्या आत जास्तीचं कापड ठेवतात, त्याला शिवणकामात माया म्हणतात. काकूंनी चार बोटं माया ठेवली आणि फ्रॉक पाठवून दिला.

आठवड्याने लेक म्हणाली, "आई, फ्रॉक होत नाही. माया सगळी उसवली, तरी नाही."

"इतकी मोठी झाली?"

"झाली."

मग लेकच म्हणाली, "एक बंद अल्बम करते. आपल्या घरच्यांनाच उघडेल. पण त्यातलं काही पुढे पाठवायचं नाही, कुठे टाकायचं नाही आणि कुणाला हातातल्या फोनवरही दाखवायचं नाही. जमेल? तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

"दिवसभर तोंडात टाचण्या धरते, तीळ काय घेऊन बसलीस!"

लेक हसली, कितीतरी दिवसांनी.

अल्बम उघडला तेव्हा मी तिथेच होते, ब्लाउजचं माप द्यायला गेलेली. टेप माझ्या खांद्यावर तसाच टाकून काकू खिडकीशी गेल्या आणि फोन छातीशी धरला.

"राग मानू नका हं. तुम्हालाही नाही."

"मुळीच नाही," मी म्हटलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

बोटं काचेवर सरकताना ऐकू येत होती. काकू एकदा स्वतःशीच हसल्या. मग हसणं थांबलं. ते हसणं कुणाबरोबर वाटून घ्यावं, असं त्या खोलीत कुणी नव्हतं. होते ती मीच, आणि माझी पाठ त्यांच्याकडे होती.

"पुढचे दोन दात पडलेत," त्या एकदम म्हणाल्या. आणि लगेच घाबरून, "अहो, एवढं सांगितलेलं चालतं ना?"