गळक्या कपातला चहा

रिसालीतल्या त्या पॉटरी स्टुडिओत कोणीही यावं आणि चाकावर बसावं. तिथला रिवाज एकच. नवख्याचा पहिला कप भट्टीतून निघाला, की त्यातून पहिला चहा शेजारच्या चाकावरच्या माणसानं प्यायचा.

माझ्या शेजारी स्टील प्लांटमधून रिटायर झालेले एक क्रेन ऑपरेटर बसत. त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही, नुसतं काका म्हणायचो. मातीचा गोळा उचलतानाही ते आधी वर बघत, जणू हूक खाली येणार आहे. आणि मातीत बसायचं असूनही पँट कायम पांढरी, कडक इस्त्रीची.

कपांचा अख्खा सेट बनवणार, असं मी घरी जाहीर करून बसलो होतो. बायको म्हणाली, "पह्यले एक तं आनून दाखवा!" तो एक निघाला, तर त्याच्या बुडाला भेग. मी ठरवलं, आज हसं झालं की पुन्हा इकडे फिरकायचं नाही.

काकांनी चहा ओतून घेतला. तो थेट पँटवर ठिबकू लागला.

"काका, गळून राहिला, ठेवा खाली!" मी ओरडलो.

त्यांनी भेगेवर अंगठा दाबला, चटका बसला तसा दुसरा लावला.

"गळते तं गळू द्या ना जी. मी पिऊन राहिलो, तो गळून राहिला. पाहू कोन पह्यले संपवते."

कप जिंकला. सगळे हसले, सगळ्यात जास्त मी.

"पुढच्या कपाचं उद्घाटन बी मीच करीन," काका म्हणाले.

पुढच्या रविवारी मी गेलो. काका चाकावर बसलेले होते, काळी पँट घालून.