प्रकाशच्या वाट्याच्या गोळ्या

परवा सोमवारी डिंडोलीत कानबाई देवीचं विसर्जन होतं. मंगलामावशींनी आवर्जून बोलावलं होतं… गर्दीत मी त्यांच्या मोठ्या मुलाला, प्रकाशला शोधत होते.

मलेरियाच्या पेशंटच्या घरी जाऊन ते गोळ्या नीट घेतात ना, हे बघणं माझं काम. प्रकाश कापडाच्या लूमवर कामाला असतो. गेल्या दिवाळीनंतर त्याला मलेरिया झाला, तोही दुसऱ्यांदा. पोरगा नुसता पिवळा पडला होता.

ह्या मलेरियाची खोड वाईट. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, पण जंतू लिव्हरमध्ये दडून बसतात आणि पुढे कधीतरी परत उठतात. म्हणून बरं वाटलं तरी दोन आठवडे रोज जेवून एक गोळी घ्यायचीच… आणि नेमकी तीच लोक सोडून देतात.

प्रकाशच्या घरी गेले, तर गोळ्यांची पट्टी इतक्यातच संपत आलेली. विचारलं तेव्हा मावशी सहज म्हणाल्या, "धाकलानं बी आंग तपनं, मंग त्याले बी दिन्यात." धाकट्याचं अंग तापलं म्हणून त्याला दिल्या, शेजारच्या खोलीतल्या पुतण्यालाही दिल्या!

माझा पारा चढला. पण रागवणार कुणावर? एकट्याने काही खायची त्या घरात रीतच नाही. मी लिव्हर, जंतू, सगळं समजावत बसले. मावशी मान डोलवत होत्या, आत काही जात नव्हतं…

तेवढ्यात भिंतीतल्या देवळीत कानबाई म्हणून पुजलेल्या नारळाकडे लक्ष गेलं. आमच्या खानदेशात कानबाईचे रोट, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्या, फक्त भाऊबंदांनी खायचे आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. मी म्हटलं, "मावशी, रोट बाहेरच्यांना वाटता का? अर्धे उरवता का?"

"नही वो माय! संपाडनाच पडस."

"मग ह्या गोळ्या म्हणजे प्रकाशचा रोट. त्याचा त्यानेच संपवायचा."

मावशी खाली बघत हळूच म्हणाल्या, "यास्ना ताप बी असाच ये-जाय करे…" त्यांचे यजमान गावाकडे अशाच तापात खंगून वारले होते. दर वेळी ताप उतरला की बरे झाले म्हणून मावशी देवापुढे साखर ठेवायच्या.

दुसऱ्याच दिवशी धाकट्याला आणि पुतण्याला घेऊन त्या स्वतः रक्त तपासायला आल्या. धाकट्यालाच मलेरिया निघाला, त्याची औषधं वेगळी सुरू झाली. डॉक्टरांनी प्रकाशला पहिल्यापासून कोर्स दिला. ती पट्टी मावशींनी नारळाशेजारी ठेवली. शिफ्टला जाण्याआधी भाकरी खाऊ घालायची आणि गोळी गिळेपर्यंत समोर उभं राहायचं, हा त्यांचा नेम झाला.

तर परवा… मिरवणुकीत प्रकाश नाचत होता. अंगावर मांस आलंय. मावशींनी त्याला ओढून बाहेर काढलं, माझा हात धरला आणि त्याच्या कपाळावर ठेवला.

"पहा… गार शे."

घामाने भिजलेलं, गार कपाळ. तो लाजून हसला. मला मात्र भर रस्त्यात रडू आलं.

मी भाऊबंदांबाहेरची, रोट काही मला मिळायचा नाही. पण त्या घरातला माझा वाटा मला परवा मिळाला.