मंगळ मागे फिरत नाही

माझी बायको पित्ताशय फुटून मेली. लोक वारली म्हणतात, देवाघरी गेली म्हणतात. मी मेली म्हणतो, कारण तिचा हात माझ्या हातात होता आणि ती कुठल्या घरी चालल्यासारखी दिसत नव्हती.

ही चौऱ्याऐंशी सालची गोष्ट, अमेरिकेतल्या पार्सिपनीची. डॉक्टर म्हणाले, खडे झालेत, पिशवी काढून टाकू, आठवडाभरात घरी येतील. मी म्हटलं, काढा. माझ्या मुलानं मात्र नांदेडला ज्योतिषाला फोन लावला. मुलगा इंजिनिअर, कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठा साहेब. ज्योतिषी म्हणाला, मंगळ वक्री आहे, जूनच्या शेवटाला सरळ होईल, तोवर अंगाला शस्त्र लावू देऊ नका.

"ऑपरेशन कॅन्सल केलंय," मुलगा म्हणाला. "दोन-अडीच महिन्यांचा तर प्रश्न आहे. बाबा, तुम्ही यात पडू नका."

बायको पोट धरून बसलेली. तीही मलाच म्हणाली, "तो एवढा शिकलाय, त्याला कळतंय. तुम्ही गप बसा."

मे महिन्यात फुटलं. तेव्हा मंगळ अजून उलटाच होता म्हणे.

त्यानंतर घरात कुणी तो विषय काढला नाही. गाडी धुतली, बर्फ काढला, दिवाळीला चिवडा केला. मला एकच पाहिजे होतं. मुलानं एकदा तोंडानं म्हणावं की माझं चुकलं. तो म्हणेना, आणि माझ्या घशाखाली घास उतरेना.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक इराणी म्हातारा राहायचा. तिकडे कॉलेजात जुन्या लोकांचं आकाशाचं गणित शिकवायचा. तिकडे शहाचं राज्य उलटलं तसा मुलीकडे आला. गोरी पोरं त्याच्या मुलीच्या गाडीवर थुंकायची, तो फडकं घेऊन पुसायचा. तळघरात कपड्यांच्या मशीनपाशी आमची ओळख झाली. मी निजामाच्या राज्यातला, चौथीपर्यंत शिकलो ते उर्दूत. त्याची फारसी, माझी मोडकी उर्दू, दोघांचं त्याहून मोडकं इंग्रजी. भागायचं.

एकदा मी त्याला विचारलं, मंगळ उलटा फिरतो का? मंगळाला तो मिर्रीख म्हणायचा. हा शब्द मी शाळेत ऐकलेला.

त्यानं पुठ्ठ्याची एक मोठी चकती कापली. तिच्या काठापाशी एक लहान चकती टाचणीनं अडकवली आणि लहानीच्या कडेला डिंकानं हरभरा चिकटवला. "मोठीच्या मधोमध बोट ठेवा. ही जमीन. तिथून हरभऱ्याकडे बघा." दोन्ही चकत्या त्यानं एकाच अंगाला फिरवल्या, लहान जरा जोरात. हरभरा पुढे गेला, थबकला, मागे आला, परत पुढे निघाला.

"मी चकती उलटी फिरवली?"

"नाही."

"मिर्रीखही फिरवत नाही. तो आपल्या चाकावर चाललाय. मागे आला असं फक्त तुमच्या बोटाला दिसतं."

मग तो रंगात आला. म्हणाला, ही चाकं ग्रीकांची, पण त्यांचं मोठं चाक आपल्या आसाभोवती सारख्या वेगानं फिरत नव्हतं. सातशे वर्षांमागे आमच्या मराग्याला टेकडीवर वेधशाळा होती, तिथल्या लोकांना हे खपेना. चाक म्हटलं की ते आसाभोवती सारखंच फिरलं पाहिजे. मग एकानं मोठ्या वर्तुळाच्या आत निम्म्या मापाचं वर्तुळ लोळवलं, तर त्याच्या कडेवरचा ठिपका सरळ रेघेत मागेपुढे जायला लागला. अशी वर्तुळं जोडून त्यांनी ग्रहांच्या चाली नीट बसवल्या. माझं नांदेडला जन्मभर सायकलचं दुकान. आउट निघालेलं, डुगडुगणारं चाक गिऱ्हाइकाला दिलं असतं तर त्यानं ते माझ्याच डोक्यात घातलं असतं, म्हणून मला त्या लोकांचा राग बरोबर कळला. पुढे सूर्य मध्ये आहे आणि जमीनच फिरते हे निघालं, तेही त्यानं सांगितलं. पण तेव्हासुद्धा, तो म्हणाला, वर्तुळ मांडणाऱ्याला मिर्रीख माघारी वळलाय असं वाटत नव्हतं.

वर्षश्राद्धाची तिथी बुधवारी आली. मुलानं जेवण शनिवारी ठेवलं. बुधवारी सगळ्यांना ऑफिस.

मी सुनेला म्हटलं, "माझा एक माणूस येईल. खालचा इराणी."

"श्राद्धाला? मुसलमान?"

"हो. तो जेवेल, तू वाढ."

चार-पाच मराठी घरं जमली. पानं घ्यायच्या आधी मी चकत्या टेबलावर मांडल्या आणि इराण्याला म्हटलं, दाखवा सगळ्यांना. बिचाऱ्याला वाटलं, हौसेनं विचारतायत. त्यानं मन लावून दाखवलं, मराग्याची वेधशाळाही सांगितली.

"क्या बात है, यार!" एक डॉक्टर म्हणाले.

मी मुलाकडे बघितलं. "मंगळ मागे गेला का रे?"

तो पांढरा पडला, पण हुशार माणूस. इंग्रजीत इराण्यालाच विचारलं, "ज्या राजानं ती वेधशाळा बांधून दिली, त्याला हे लोक मुहूर्त काढून देत नव्हते?"

इराणी खोटं बोलणारा नव्हता. "देत होते. राजाला तेच पाहिजे होतं."

"देअर यू गो, बाबा."

"राजाची आई मेली का त्यात?"

मुलानं चकत्या बाजूला सारल्या.

"आज तिची तिथी आहे?" मी विचारलं.

"बाबा, प्लीज."

"आहे का?"

"बुधवारी होती."

"म्हणजे ऑफिससाठी मेल्या आईची तिथी सरकते. आणि जिती आई लोळत होती तेव्हा तुझा मंगळ सरकत नव्हता."

सून म्हणाली, "बाबा, पुरे करा. ते वर्षभर धड झोपलेले नाहीत."

"नको झोपू दे. मला एक वाक्य पाहिजे."

मुलानं टेबलाची कड धरली. "फाइन. इट वॉज माय फॉल्ट."

"मराठीत. तिला इंग्रजी येत नव्हतं."

त्यानं मान वर केली. पंचेचाळिशीचा माणूस, पण ओठ लहान पोरासारखे वाकडे झाले. "माझ्यामुळे आई गेली."

"गेली नाही. मेली."

"मेली," तो म्हणाला, आणि बाथरूमकडे धावला. आत ओकल्याचा आवाज सगळ्यांना येत होता.

इराणी उठला. माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाला, "कशासाठी बोलावताय ते सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर आला असता?"

तो न जेवता गेला. त्यानंतर त्यानं मला दार उघडलेलं नाही. त्या माणसाची उणीव भासते, हे खरं.

"झालं समाधान?" सून म्हणाली.

"झालं. वाढ."

लोक म्हणतात, असं केल्यावर मागून माणसाला पस्तावा होतो. मला झालेला नाही. मुलगा जिवंत आहे, त्याला नोकरी आहे, त्याची रात्र आज ना उद्या सरेल. त्या दिवशी पाहुणे भिंतीकडे बघत उभे होते. मी पानावर बसलो. सुनेनं भात वाढला, वर आमटी घातली, आणि मी वर्षात पहिल्यांदा पोटभर जेवलो.