गाळलेलं ध्रुवपद

अकोल्यात माझा प्रबंध टाइप करून देणाऱ्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. विषय होता रॉक गाण्यांचे शब्द आणि त्यांचा समाजावरचा प्रभाव. गाण्यांचे मराठी अनुवाद मी हाताने लिहून दिले होते. तो ओळीखाली फूटपट्टी ठेवायचा, ओळ झाली की ती हलकेच खाली सरकवायचा. बोलणं जवळजवळ नाहीच.

प्रत हातात आली तेव्हा प्रत्येक गाणं निम्मं झालं होतं. पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळी त्याने सरळ गाळल्या होत्या.

"तुमच्यानं चुकून दोनदा लिहिल्या गेल्या असतीन, म्हनून काढल्या," तो म्हणाला.

ते ध्रुवपद आहे, ते तसंच येतं, असं मी जरा चिडूनच सांगितलं.

"मंग सांगाचं ना सर! आमी जयंतीले भीमगीतं म्हनतो, मले काय समजत नाही? एकदा गानारा म्हनते, दुसऱ्यांदा लोकं म्हनतात." फूटपट्टी उचलून तो थांबला. "पन सर, पुरा प्रबंध टाइप केला मी. त्याच्यात लोकं कुठंच दिसले नाही. म्हनून मले चूक वाटली."

ओळी त्याने परत घातल्या. पुढे परीक्षकांनी 'समाजावरील प्रभाव' या प्रकरणाचं खास कौतुक केलं. ते लिहिताना मी गाणी ऐकणाऱ्या एकाही माणसाशी बोललो नव्हतो. हे फक्त टाइप करणाऱ्याच्या लक्षात आलं होतं.