नणंदेची धोंडशीर

माझी धाकटी नणंद एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात एकोणीस वर्षं ओल्या चादरींच्या ट्रॉल्या ढकलत होती. तिच्याविषयी लिहायचं तर तिच्या रागाविषयीच लिहावं लागेल. बाकी बाई साधी आहे.

ब्रेक निकामी झालेली ट्रॉली उतारावरून सुटली आणि मागून तिच्या टाचेवर आदळली. काठी मोडावी तसा आवाज झाला. माझे सासरे गुरांचे डॉक्टर, त्यामुळे हिला शरीराचे शब्द तोंडपाठ. पडल्या पडल्या म्हणाली, "माझी धोंडशीर तुटली." सुपरवायझरने, म्हणजे बायका ज्याला 'कडक इस्त्री' म्हणत त्याने, नोंदवहीत लिहिलं: 'धोंडा लागून पाय मुरगळला.'

तेवढं वाचून तिथल्या डॉक्टरने पट्टी गुंडाळली आणि चालायला सांगितलं. तीन आठवडे ती लंगडली. शेवटी मीच तिला दुसऱ्या, हाडांच्या डॉक्टरांकडे ओढून नेलं. त्यांनी पालथं झोपवून पोटरी दाबली. पाऊल हललंच नाही. टाचेमागची जाड शीर, म्हणजेच धोंडशीर, साफ तुटलेली, टोकं आखडलेली. उशीर झाल्यामुळे ऑपरेशन मोठं झालं. मग पाऊल खाली वाकवून प्लास्टर, मग उंच टाचेचा बूट, आणि महिनोन् महिने व्यायाम.

भरपाई मागितली तर उत्तर आलं: आमच्या आवारात धोंडे नाहीत, इजा रस्त्यावर झाली असावी. मी स्वतः जाऊन इस्त्रीला शब्दाचा अर्थ सांगितला. ऐकण्यात चूक झाली, इथवर ठीक. पण ब्रेकची तक्रार महिनाभर त्याच्याच टेबलावर पडून होती, म्हणून त्याने नोंदवहीतला धोंडा काही हलवला नाही. नणंदेने डूख धरला. मी तिला आवरलं नाही.

सुनावणीत अधिकारीबाईंनी विचारलं, धोंडा कुठला? इस्त्री नोंदवही चाळू लागला. नणंद कुबड्या टेकत त्याच्यापुढे गेली.

"बूट काढा, भाऊ. मोजाही. टाचेच्या वर चिमटीत धरा. लागली? माझा धोंडा तो हाच. आता बाईंना मोठ्याने सांगा, याला काय म्हणतात."

एका पायावर डुगडुगत तो पुटपुटला. तिने पुन्हा म्हणायला लावलं. मग ट्रॉलीचंही ओकला.

भरपाई मंजूर झाली. मग धुलाईघराचे मॅनेजर घरी आले: सुपरवायझरविरुद्ध तक्रार नाही, एवढं लिहून द्या, त्याची नोकरी वाचेल. तिने कागद न वाचताच परत दिला.

त्याला काढल्याचं कळलं, तेव्हा मी विचारलं, वाईट वाटलं का गं?

"वाटलं ना, वहिनी," ती पायाचा व्यायाम करत म्हणाली. "ट्रॉली सुटायच्या आधी काढायला हवा होता."