न उचललेला भंडारा

पालीच्या वरच्या वस्तीवरचं खंडोबाचं देऊळ म्हणजे चार पत्रे आणि एक ओटा. पण तिथला भंडारा उचलून कुणी खोटं बोललं, असं अजून घडलेलं नाही. नवरा आश्रुबा गेल्यापासून देवाचं सगळं भिवराबाई बघते. ऊस तोडून तोडून हातांची सालटी निघालेली बाई, पण आंघोळ केल्याशिवाय भंडाऱ्याच्या ताटाला शिवायची नाही. तिच्या देखत भंडारा दोनदाच उचलला गेला, दोन्ही वेळा बांधाच्या भांडणात. उचलणाऱ्याचं गावानं मुकाट ऐकलं.

आणि आज बघा! ग्रामपंचायतीचं मतदान चार दिवसांवर, अन् अमरसिंह पुढारी सकाळीच गाडी घेऊन देवळापुढं हजर. वस्तीतली साठ माणसं ओळीनं उभी केलेली. भंडारा उचला आणि म्हणा, मत आमच्याच पॅनलला! विरोधात उभी कोण, तर भिवराबाईची सून शिवकन्या. एकदा शपथ झाली की तिला तिच्या नवऱ्यानंसुद्धा मत टाकलं नसतं, इतका इथं देवाचा धाक.

"आणा ताट, भिवराबाई," अमरसिंह गोड आवाजात म्हणाला.

ती ताट घेऊन ओट्यावर आली. ओळीत पहिलाच सटवा, घामानं डबडबलेला. "काकू, काय करू?" तो पुटपुटला.

भिवराबाईनं ताट छातीशी धरलं. नाही म्हणावं तर अमरसिंह उद्या वस्तीचा पाण्याचा टँकर बंद करणार. द्यावं तर देव विकला.

"सायेब, माणसाला भ्या दाखवायचं तर दाखवा. मधी देवाला काहून घालता?"

"लई बोलू नका. ताट फुडं करा."

सटव्यानं हात पुढं केला. तेवढ्यात भिवराबाईनं ताट दोन्ही हातांनी वर नेलं आणि "येळकोट येळकोट जय मल्हार!" म्हणत सगळाच्या सगळा भंडारा उधळून दिला. सटव्याच्या डोक्यावर, गाडीच्या काचेवर, अमरसिंहाच्या पांढऱ्याफेक शर्टावर. साठही गळ्यांतून जय मल्हार निघालं. अमरसिंहाचेसुद्धा हात आपसूक जोडले गेले. उधळलेला भंडारा कपाळाला लावायचा, त्यावर शपथ होत नाही, हे त्यालाही लहानपणापासून ठाऊक.

"घरात अजून असंल," तो दात खात म्हणाला.

"न्हाई. आता चंपाषष्ठीला जेजुरीहून येईल. थांबता का तवर?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. अमरसिंह गाडीत बसून निघून गेला.

"आत्याबाई, टँकर बंद करतील वो," शिवकन्या रडवेली झाली.

"करतील." भिवराबाई रिकामं ताट घेऊन ओट्यावर बसली. "आणू डोक्यावर हंडे. पण मत ज्याचं त्यानं ठरवू दे. तुला न्हाई टाकलं तरी."